बाईंचा घाट

"डोळे मिटा बाई, आणि सांगा हा कोणाचा," असं म्हणून धाकट्या साहेबांनी तिच्या तळहातावर पोलादाचा एक तुकडा ठेवला, तेव्हा तिला वाटलं, ही त्यांची नेहमीचीच थट्टा. लहानपणी शाळा सुटली की ते असेच आखणीच्या खोलीत येऊन तिच्या हातात स्क्रू नाहीतर सुई ठेवायचे आणि ओळखायला लावायचे, आणि ती कधी चुकायची नाही. आता ते चाळिशीला आले, वडलांच्या खुर्चीत बसायला लागले, तरी खोड गेली नव्हती. तिने डोळे मिटले. समोर वकील बसलेत, त्यांच्यापुढे हे बरं दिसत नाही असं एकदा वाटून गेलं, पण तोवर अंगठा आपणहून कामाला लागला होता. आधी डावीकडचा चढ, सरळ, कुठेही न अडखळणारा. मग माथ्यावरची चिमूटभर सपाटी. मग उजवीकडचा उतार, आणि उताराच्या मध्यावर ती ओळखीची खोलगट जागा, जिथे तिचा अंगठा गेली तीस वर्षं क्षणभर विसावत आला होता. "आपला," ती म्हणाली. "आपलाच घाट आहे की." साहेबांनी टेबलावर थाप मारली. "ऐकलंत वकीलसाहेब? अहो बाई, हा त्यांचा! समुद्रापलीकडून आलेल्या कोऱ्या यंत्रातून काल काढलाय. आमच्या बाईंचा अंगठा न्यायाधीशापुढे उभा केला तर दावा एका दिवसात निकालात निघेल." वकील हसले. तीही हसली, कारण हसायचं होतं. पण तिला जो धक्का बसला होता तो साहेबांच्या बोलण्याने बसलेला नव्हता. तो त्याच्या जरा आधीचा होता. त्या खोलगट जागेत अंगठा टेकला तेव्हा तो केसभर जास्तच खाली गेला होता. जिना उतरताना शेवटची पायरी समजून पाय टाकावा आणि खाली आणखी एक निघावी, तसं झालं होतं. हे तिने कोणाला सांगितलं नाही. अंगठा पदरात पुसला आणि तुकडा परत टेबलावर ठेवला.

कारखाना मोजे विणायच्या यंत्रांचा. यंत्रात गोल नळकांडं, नळकांड्याच्या भोवती खाचांत उभ्या सुया, आणि सुयांना वर चढवून खाली उतरवणारा हा पोलादी तुकडा. कागदावर त्याला कॅम म्हणत, पण खालच्या शॉपमधल्या कोणा विनोदी माणसाने कधीकाळी त्याला घाट म्हटलं, सुया बिचाऱ्या दिवसभर चढतात आणि उतरतात म्हणून, आणि तेच नाव पडलं. मोज्याचा पाय सरळ विणणं कोणालाही जमतं. खरी कसोटी टाचेला. तिथे यंत्राला पुढे जाता जाता मागे वळावं लागतं, पुन्हा पुढे, पुन्हा मागे, आणि त्या मागेपुढे करण्यात सुया तुटतात, धागा काचतो, टाच दडस येते. यांच्या यंत्राची टाच मऊ यायची. सुया कमी तुटायच्या, आवाजही कमी. त्याचं सगळं श्रेय घाटाच्या उजव्या उतारावरच्या त्या खोलगट जागेला होतं, आणि ती जागा बाईंनी आखलेली, म्हणून तो बाईंचा घाट. नवीन कामगार लागला की त्याला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सांगायचं, "यांना नमस्कार कर, यांनी घाट घातलाय म्हणून तुझी भाकरी चालते." तिला त्याची लाज वाटायची, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. थोरल्या साहेबांनी कंपनीच्या पंचविसाव्या वर्षी तिला काचेच्या चौकटीतलं मानपत्र दिलं होतं. ते आखणीच्या खोलीत तिच्या टेबलामागे टांगलेलं होतं, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायचं आणि तिला दिसायचं नाही.

वकिलांनी पिशवीतून एक कागद काढला. आवाज फार मऊ होता त्यांचा, आजाऱ्याच्या उशाशी बसून बोलावं तसा. "फक्त एक निवेदन, बाई. बाकी सगळं आम्ही पाहू. सदर उताराचा आकार मी स्वतः, कोणत्याही नमुन्याचा आधार न घेता कल्पिला. एवढंच. खाली सही." साहेबांनी पुस्ती जोडली की मोठं गिऱ्हाईक चाळीस यंत्रांची मागणी घेऊन, आपला घाट उचलणाऱ्या त्या परदेशी कंपनीच्या दारात उभं आहे. ती मागणी गेली की खालच्या शॉपची दुसरी पाळी बंद करावी लागेल, आणि दुसऱ्या पाळीत कोण कोण आहे ते बाईंना सांगायला नको. दावा शुक्रवारी दाखल व्हायचा होता. तो दिवस बुधवार होता. "घरी नेऊन वाचते," ती म्हणाली. "वाचायला काय आहे त्यात?" साहेब म्हणाले, आणि मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून, "बरं, न्या. हा तुकडाही न्या. मापं काढून त्यांचं आणि आपलं शेजारी शेजारी मांडा, वकीलसाहेबांना लागतील."

आखणीच्या खोलीत येऊन तिने दार लोटलं, दिवा जवळ ओढला आणि तुकडा मापणीच्या तबकडीखाली धरला. घाटाची मापं अकरा ठिकाणी घ्यायची असतात. तिला ती तोंडपाठ होती, पोरांना पाढे असतात तशी. पहिली दहा तंतोतंत मिळाली. माथ्याच्या कडेला तिचा तेव्हा घाईत एक कोपरा गोल करायचा राहिला होता, तोही तसाच, जसाच्या तसा, समुद्रापलीकडे जाऊन आलेला. अकराव्या जागी काटा सरकला आणि चारवर थांबायच्या ऐवजी सहावर जाऊन थांबला. चार दशांश मिलिमीटर हे तिचं माप. सहा हे कोणाचं? तिने काटा शून्यावर आणून परत मोजलं. सहा. तिसऱ्यांदा मोजलं तेव्हा काट्याकडे पाहिलंच नाही, खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या भिंतीवरच्या पाइपातून थेंब पडत होता आणि खालच्या सिमेंटमध्ये त्याने वाटीएवढा खळगा केला होता. आणि तिला एकदम हसू आलं, एकटीलाच, दार लोटलेल्या खोलीत. तिकडच्या, आपल्यासारख्याच कोणा आखणीवालीने यांचं जे यंत्र नमुना म्हणून उघडलं असणार ते कोरं नव्हतं. ते कुठेतरी वर्षानुवर्षं चाललेलं होतं. चालून चालून त्याचा उतार आणखी दोन दशांश झिजला होता. आणि ती बिचारी ती झीजही मापून, आखून, मोकळी झाली होती. कोणाला तरी तिने विचारलं असेल का? आणि कोणीतरी तिला म्हणालं असेल का, की त्यांनी केलंय म्हणजे काहीतरी विचार करूनच केलं असेल?

कारण तिला स्वतःला नेमकं तेच सांगण्यात आलं होतं. तेव्हा ती चोवीस-पंचवीस वर्षांची, नवी नोकरी, नवा संसार, आणि आखणीची खोली म्हणजे जिन्याखालची अडचणीची जागा. थोरल्या साहेबांनी दूरच्या कुठल्याशा देशातून जुनं यंत्र मागवलं होतं, हाताने हँडल फिरवायचं. लाकडी खोक्यातून, भुशातून ते वर काढलं तेव्हा शॉपमधल्या सगळ्यांत जुन्या मिस्त्रीकाकांनी त्याच्यावरून हात फिरवला, दारी आलेल्या गाईवरून फिरवावा तसा. थोरल्या साहेबांचा हुकूम एकच, केस इकडचा तिकडे होता कामा नये. मग रोज मिस्त्रीकाका एक एक भाग सोडवायचे आणि ती मापून कागदावर उतरवायची. यंत्राच्या पोटात तिला लाल लोकरीचा गुंता सापडला आणि केसांत खोवायचा एक आकडा. हँडलच्या लाकडी मुठीवर अंगठ्याच्या जागी गुळगुळीत खळगा पडला होता. तिने त्यात स्वतःचा अंगठा ठेवून पाहिला, तो थोडा सैल बसला. म्हणजे बसणारी तिच्याहून थोराड असावी. हे सगळं तिने पाहिलं होतं, आकडा आपल्या वहीला लावला होता, मूठ कागदावर आखली होती, आणि तरीही घाट हातात आला तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला नाही! "काका, याची उजवी बाजू डावीपेक्षा खाली आहे. चार दशांश." मिस्त्रीकाका चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "परदेशातली माणसं आहेत ती, बाळ. उगाच कशाला खाली ठेवतील? काहीतरी विचार असेल. घाल चार." तिने घातले चार. शाई सुकायच्या आत थोरल्या साहेबांनी सही केली. कागदाच्या तळाशी तीन रकाने होते, आखलं, तपासलं, आणि मूळ, म्हणजे नमुना कोणाचा. पहिल्यात तिचं नाव, दुसऱ्यात मिस्त्रीकाकांचं, आणि तिसऱ्याबद्दल थोरले साहेब म्हणाले, "तो राहू दे कोराच."

पुढच्या थंडीत शेकोटीला लाकूड हवं म्हणून कोणीतरी तो खोका फोडला आणि तळाच्या भुशात पत्र्याची डबी निघाली. आत तेलकट कागदात गुंडाळलेला सुटा घाट, कधीही न वापरलेला. मिस्त्रीकाकांनी तो हातात घेऊन दोन्ही बाजूंवरून अंगठा फिरवला. मग तिच्यापुढे धरला. दोन्ही बाजू सारख्या. चढ जसा, उतार तसाच, आरशात पाहावा असा. "बाळ," ते म्हणाले, "आपण झीज उतरवली." आणि दोघं एकमेकांकडे पाहून इतकी हसली की बाहेरून कोणी विचारलं, काय झालं. कोणा बाईने दूरदेशी बसून टाच विणता विणता हजार वेळा, लाख वेळा हँडल मागे ओढलं असेल. उजव्या हाताची होती ती, ओढताना भार एका बाजूला पडायचा, आणि त्या भाराने पोलाद चार दशांश खाल्लं. तो तिचा हात या दोघांनी बिनबोभाट कागदावर घेतला होता. मग मिस्त्रीकाकांनी कोरा घाट यंत्रात बसवून पाहिला. सुया तुटल्या. झिजलेला बसवला, सुया शांत. नव्या पोलादाला जे कळत नव्हतं ते त्या बाईच्या हाताने त्याला शिकवलं होतं. पण मिस्त्रीकाकांचं तेवढ्याने समाधान होईना. त्यांनी तिला घेऊन पुढची दोन वर्षं घाट घासण्यात घालवली. तीन, साडेतीन, साडेचार, पाच. पाचला कधी कधी टाका सुटायचा. साडेचारला बारीक धाग्यात सुटायचा. शेवटी चारच पक्के झाले. त्या बाईने यंत्र विकलं तेव्हा ते नेमकं चारवर आलेलं होतं, हा योगायोग म्हणावा की काय म्हणावं? मिस्त्रीकाका म्हणाले होते, "देणाऱ्याने मोजूनच दिलं." निवृत्त होताना ती पत्र्याची डबी त्यांनी तिला दिली, आणि म्हणाले, "कोणी विचारलं तर सांग. कोणी विचारणार नाही."

खरंच कोणी विचारलं नाही. थोरले साहेब भाषणात सांगू लागले की आमच्या आखणीतल्या या मुलीने हा आकार रात्रंदिवस विचार करून काढला, आणि ती खाली बघायची. खाली बघितलं की लोक विनय समजतात. दरवर्षी ती गोष्ट थोडी थोडी गोल होत गेली, कोपरे जात राहिले, आणि एक दिवस तिच्या स्वतःच्याही मनात ती अशी बसली की जणू झालंच होतं तसं. खोटं असं ती एकदाही बोलली नव्हती. तिला कोणी बोलायलाच लावलं नव्हतं. आज पहिल्यांदा कोणी कागद पुढे केला होता.

घरी वन्सं पायावर शाल घेऊन मोजा शिवत बसल्या होत्या. ही तिची मोठी नणंद, वयाने सत्तरीपलीकडे, सगळा जन्म शाळेत शिकवण्यात गेलेला. भाऊ गेल्यावर भावजयीजवळ येऊन राहिल्या त्या राहिल्याच. कारखान्याचे फुकट मोजे घरात ढिगाने असताना वन्सं जुनाच मोजा लाकडी गोळ्यावर ताणून शिवायच्या, आणि शिवताना कारखान्याला नावं ठेवायच्या. "ये गं, तुझी ही प्रसिद्ध टाच पाहा. अकरा महिन्यांत गेली." "वन्सं, अकरा महिने रोज वापरलात, ते नाही बोलत." "वापरायला नको तर काय पूजेला ठेवू?" तिने चहा केला, दोघींचा, आणि कप हातात देता देता सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सगळं. डबी, मिस्त्रीकाका, चार, सहा, आणि कागदावरचं ते एक वाक्य. वन्संनी सुई मोज्यात खोचून ठेवली. तिला वाटलं, आता त्या रागावतील, मास्तरीण जागी होईल. पण वन्सं हसल्या. "आमच्या वर्गात दोन पोरांच्या वह्या सारख्या आल्या की मला कशावरून कळायचं सांगू? चुकीवरून. बरोबर उत्तर शंभर पोरांचं सारखंच असतं गं. चूक सारखी आली की समजायचं, एकाने दुसऱ्याचं पाहिलंय." "मग काय करायचात? दोघांना बाकावर उभं?" "छे! दोघंही म्हणणार, माझं त्याने पाहिलं. कोण खरं, कोण खोटं, त्यात माझा तास जायचा. मी दोघांना फळ्यापाशी बोलवायची. म्हणायची, करून दाखव. ज्याला मधली पायरी येते त्याचं ते गणित. मग त्याने ते कुठून का घेतलेलं असेना." आणि पुन्हा सुई उचलून, मान वर न करता, "तुला येते ना मधली पायरी?" ती उठून मोरीपाशी गेली. कप विसळले. विसळताना लक्षात आलं की आपला अंगठा कपाच्या कानावर मागेपुढे फिरतोय.

तिचा एक नेम होता. मिस्त्रीकाकांनीच लावून दिलेला. कामाला बसायच्या आधी कोऱ्या कागदावर पट्टी न घेता हाताने एक रेघ ओढायची. ती सरळ आली की दिवस सुरू. नाही आली तर पेन्सिल खाली ठेवायची, दोन मिनिटं गप्प बसायचं, परत ओढायची. तापात, सुतकात, लेकीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, नवरा गेला त्यानंतरच्या सोमवारीसुद्धा तो नेम चुकला नव्हता. आज गुरुवारी ती सकाळी सातला येऊन बसली, पेन्सिल उचलली, आणि घरून आणून टेबलावर ठेवलेला वकिलांचा कागद दिसला. त्या वाक्याच्या शेजारी रेघ ओढवेना. हात चांगला होता, पण पाहुणा आल्यासारखा बसून होता. तिने पेन्सिल ठेवली. डबी उघडून तेलकट कागदातला घाट काढला, खणातून आपला काढला, पदराच्या गाठीतून त्यांचा. तिन्ही ओळीने मांडले. शून्य, चार, सहा. आजी, आई आणि लेक फोटोला बसाव्यात तसे. आजीच्या चेहऱ्यावर एक सुरकुती नव्हती, हीच काय ती उलटी गंमत. पाहता पाहता तिच्या मनातली कालची सगळी खळखळ खाली बसली. माझं काय आहे यात? आकार माझा नाही, तो त्या थोराड अंगठ्याच्या बाईचा. पण शून्यावर सुया तुटतात हे मी पाहिलंय, पाचावर टाका सुटतो हे मी पाहिलंय, चारवर थांबायचं हे मी आणि काकांनी दोन वर्षं हाताची सालं काढून ठरवलंय. ते पोलाद मापून कळत नाही. म्हणूनच ते समुद्रापलीकडे गेलं नाही. ती उठली, त्यांचा घाट घेतला आणि खाली चाचणीच्या यंत्राकडे गेली.

चाचणीवर बसणारी बाई नुकतीच न्याहारी उरकून हात पुसत होती. तोंडाने फटकळ, हाताने सोनं. घाट उलटासुलटा करून तिने विचारलं, "हे काय बाई, सवतीला घरात घेतलंत?" "घेतली. चार दिवस माहेरपणाला आलीय. बसव." यंत्र सुरू झालं. आवाज इतका मऊ की चाचणीवालीने भुवया उंचावल्या. "अगं बाई, ही तर आपल्यापेक्षा गोड बोलते!" पहिला मोजा निघाला, दुसरा निघाला. तिसऱ्याची टाच चाचणीवालीने मुठीवर ताणली आणि म्हणाली, "ठीक." तिने मोजा चाचणीवालीच्या हातून घेऊन स्वतः ताणून पाहिला. सहा चाललं तर? धागा बदलून वेगळ्या जातीचा लावला असता तर कदाचित चालतही असेल, कोणास ठाऊक. तिने स्टूल ओढलं आणि बसून राहिली. पाचवा. सहावा. तिच्या कानांना तो आवाज ऐकू आला त्याच्या आधीच हात यंत्र थांबवायला गेला होता. घड्याळाची टिकटिक चालू असताना एक टिक गाळली जावी, तेवढाच फरक. टाचेच्या वळणावर एक टाका सुटलेला. आत्ता नुसता दिसतही नव्हता, पण ताणला की उघडायचा, मुंगीच्या बिळाएवढा. नवव्यात पुन्हा. अकराव्यात दोन. "गोड बोलते आणि हात सोडते," चाचणीवाली म्हणाली. "दोन महिन्यांत अंगठा बाहेर येईल हो यातून." "अंगठा नाही. टाच," ती म्हणाली आणि मोजे उचलून निघाली. जिना चढताना तिच्या गुडघ्यांनी नेहमीची कुरकुर केली नाही.

साहेबांच्या खोलीत वकील आधीच येऊन बसले होते. तिने टेबलावर तीन घाट ठेवले, शेजारी बारा मोजे, आणि त्यांचा कागद. कागदातल्या "कोणत्याही नमुन्याचा आधार न घेता कल्पिला" यावर तिने एक रेघ मारलेली होती आणि वर एकच शब्द लिहिला होता, "उतरवला". वकिलांनी ते वाचलं, परत वाचलं. "बाई, एका शब्दाने सगळा दावा जातो." "जाऊ दे की," ती म्हणाली, इतक्या सहज की तिचं तिलाच नवल वाटलं. मग तिने साहेबांना उभं राहूनच सांगितलं, पहिल्या खोक्यापासून. मध्ये त्यांनी एकदाच तोंड उघडलं. "म्हणजे बाबा आयुष्यभर खोटं सांगत होते?" "तुमचे बाबा यंत्रं विकत होते. विकणारा माणूस गोष्ट थोडी ताणूनच सांगतो. मी गप्प बसले, ती माझी चूक. त्यांना नका बोलू." साहेब खिडकीकडे वळले. त्यांच्या मानेची शीर उडत होती, लहानपणी हरल्यावर उडायची तशी. "आणि दुसरी पाळी? त्या माणसांच्या घरी जाऊन मी काय सांगू, की आमच्या बाईंना खरं बोलायची हुक्की आली?" हे मात्र तिला लागलं. ती खाली बसली. एक मोजा उचलून तिने साहेबांच्या मुठीवर चढवला, लहान मुलाला घालावा तसा, आणि टाच ताणली. बीळ उघडलं. "हे त्यांचं यंत्र. ही टाच दोन महिने टिकेल. त्यांनी आपली नक्कल केली ते तुम्ही न्यायालयात सिद्ध कराल, तर गिऱ्हाईक म्हणेल, म्हणजे दोन्ही यंत्रं सारखीच, मग त्यांचं स्वस्त आहे ते घेऊ. ते सारखं नाहीच! त्यांच्याकडे आपला आकार गेलाय, आपली दोन वर्षं गेलेली नाहीत. उद्या दावा दाखल करायच्या ऐवजी गिऱ्हाइकाला इथे बोलवा. दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी लावा आणि दिवसभर चालू ठेवा. मी बसते खाली स्टुलावर. विचारू देत काय विचारायचं ते."

वकिलांनी सुटलेल्या टाक्याचा दुसरा मोजा हातात घेऊन आत बोट घातलं, आणि बोटाचं टोक टाचेतून डोकावलेलं पाहून पहिल्यांदाच मनापासून हसले. "साहेब, मला यातून फी मिळणार नाही," ते म्हणाले, "पण मी गिऱ्हाईक असतो तर मला हे बिळाचं प्रकरण दाव्यापेक्षा लवकर कळलं असतं." साहेबांनी मूठ सोडवून घेतली. फोन ओढला, नंबर फिरवला, आणि पलीकडून कोणी उचलेपर्यंत तिच्याकडे न पाहता म्हणाले, "मानपत्राचं काय करायचं?" "भिंतीला भोक पडलंय, तेव्हा टांगलेलं राहू दे. आतला मजकूर बदला." मग ते फोनवर बोलायला लागले. आवाजात आधी खरखर होती, मग ती गेली, आणि शेवटी शेवटी तर त्यांच्या वडलांसारखा, विकणाऱ्या माणसाचा, रुंद आवाज लागला. "हो, उद्याच. दोन्ही यंत्रं. नाही नाही, धागा तुमचाच आणा." ठेवून त्यांनी श्वास सोडला. "येतायत दहाला."

आखणीच्या खोलीत येऊन तिने सर्वांत खालचा खण उघडला आणि पहिला कागद काढला, तीस वर्षांत थोडा पिवळट झालेला. साहेबही मागोमाग आले होते, दारात उभे राहिले, लहानपणी राहायचे तसे. कागदाच्या तळाशी ते तीन रकाने. आखलं, तपासलं, आणि मूळ, कोरा. "इथे काय लिहिणार?" त्यांनी विचारलं. तिने पेनात शाई आहे का पाहिलं आणि सावकाश, सुवाच्य लिहिलं, "नाव माहीत नाही. यंत्रावर बसायची. उजव्या हाताची." साहेबांनी ते ओठ हलवत वाचलं. "आणि तिकडच्या त्या आखणीवालीचं काय, बाई? तिलाही कधीतरी कळेलच की चारवर थांबायचं." "कळेल ना," ती म्हणाली. ती कोण असेल, कुठल्या जिन्याखाली बसत असेल, तिच्या मिस्त्रीकाकांनी चष्मा कपाळावर सरकवला असेल का, हे सगळं तिच्या मनात एकदा फिरून गेलं, आणि कोणा भाचीला पहिल्यांदा चूल पेटवताना पाहावं तसं तिला वाटलं. "टाका सुटला की कळतं. मला तरी कोणी सांगितलं होतं?" साहेब हसले आणि जिना उतरून गेले. खाली कोणीतरी मोठ्याने विचारत होतं की उद्यासाठी यंत्र कुठे मांडायचं, आणि चाचणीवालीचा आवाज वरपर्यंत आला, "माझ्या डाव्या हाताला, सवत डावीकडेच बरी!" तिने तिन्ही घाट तेलकट कागदात गुंडाळले, डबीत ठेवले, झाकण दाबलं. मग आठवण झाली. दुपार व्हायला आली तरी आजचा नेम राहिला होता. दुसरा कागद शोधायला तिला उठावंसं वाटलं नाही. तिने पेन उचललं आणि तिसऱ्या रकान्यातल्या अक्षरांखाली, पट्टी न घेता, एक रेघ ओढली. सरळ आली.